झाडाची जखम आणि चाळीस जणांची बैठक

मागच्या एका कार्यक्रमानंतर आपल्या एका श्रोता बहिणीचा फोन आला. त्यांच्या शाळेजवळ जुनी चिंच आहे. तिची एक जाड फांदी वठली होती. खाली पोरं खेळतात म्हणून गटातल्या बायकांनी वर्गणी काढली, माणूस बोलावला आणि फांदी तोडून घेतली. त्याने काम अगदी नीटनेटकं केलं. फांदी खोडाला लागून सपाट कापली आणि जखमेवर जाड डांबर फासलं. दोन पावसाळे गेले. आता डांबराला भेगा पडल्यात आणि मागचं लाकूड बोटाने दाबलं तरी दबतं. ताईंनी विचारलं, "आम्ही तर झाडाला औषधच लावलं होतं ना? मग चुकलं कुठे?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही फार लांब, थेट अमेरिकेत जाऊन पोचलो. ताई, त्या माणसाला बोल लावू नका. जगातले मोठे मोठे जाणकार कित्येक वर्षं अगदी असंच करत होते. ती चूक कुणी आणि कशी शोधली, ती सुधारली कशी, हे समजून घ्यायचं तर झाडांची निगा राखणाऱ्या लोकांच्या एका संघटनेची गोष्ट ऐकायला हवी. आज तीच सांगतो.

माळी, सिमेंट आणि परवाना

झाडांची निगा राखणं हा तिकडे वेगळा धंदा आहे. शेतातली फळझाडं शेतकरी बघतो, रानातली वनखातं बघतं. पण रस्त्याकडेची, घरापुढची, शाळेच्या आवारातली सावलीची झाडं कुणाची? त्यांची छाटणी करणारा, रोग ओळखणारा, धोक्याची फांदी उतरवणारा कारागीर म्हणजे 'आर्बोरिस्ट'. आपण त्याला झाडांचा वैद्य म्हणू.

या धंद्याला अमेरिकेत रूप दिलं ते जॉन डेव्ही या माणसाने. तो 1846 साली इंग्लंडमध्ये जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जाऊन राहिला. बागकाम करता करता त्याने झाडांची दुखणी बघितली आणि 1901 मध्ये 'द ट्री डॉक्टर' म्हणजे 'झाडांचा वैद्य' याच नावाचं पुस्तक काढलं. त्या काळी झाडाची ढोली साफ करायची आणि दाताच्या डॉक्टरने दात भरावा तशी ती सिमेंटने भरायची, अशी पद्धत होती. कापलेल्या जागेवर रंग किंवा डांबर लावायचं, हाही त्यातलाच भाग.

त्याच सुमारास तिथल्या झाडांवर मोठं संकट आलं. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातली चेस्टनटची झाडं वाळताना दिसली. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर एक बुरशी आली होती. पुढच्या चाळीसेक वर्षांत तिने अब्जावधी झाडं मारली. डोंगरातली कुटुंबं या झाडाची फळं खायची, विकायची, लाकडावर घर बांधायची. आपल्याकडे कोकणातला आंबा एका पिढीत नाहीसा झाला तर काय होईल, एवढा मनात विचार करून बघा.

लोक घाबरले की उपाय विकणारे वाढतात. पैसे घेऊन झाडांची कामं करणारे पुष्कळ झाले, पण खरं कुणाला काय येतं हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून 1919 मध्ये कनेक्टिकट राज्याने कायदा केला. पैसे घेऊन झाडांवर इलाज करायचा असेल तर परीक्षा द्या आणि परवाना घ्या. परीक्षा घ्यायला एक मंडळ नेमलं.

आता गंमत बघा. परीक्षा घ्यायची तर बरोबर उत्तर माहीत हवं. मंडळाला कळून चुकलं, की झाडांबद्दल आपल्यालाच पुष्कळ गोष्टी ठाऊक नाहीत. तेव्हा या मंडळाने ऑगस्ट 1924 मध्ये स्टॅमफर्ड गावी एक बैठक बोलावली. जमले फक्त चाळीस जण. काही झाडावर चढून काम करणारे, काही प्रयोगशाळेत बसणारे. एरवी ही माणसं एकमेकांना भेटत नसत. कामाच्या माणसाने अडचण सांगायची आणि शास्त्रज्ञाने ती तपासायची, असं ठरलं. दरवर्षी भेटायचंही ठरलं.

या बैठकीतून 'राष्ट्रीय छायावृक्ष परिषद' उभी राहिली. पुढे दुसऱ्या देशांतले लोक येऊ लागले तसं 1960 च्या दशकात नावात 'राष्ट्रीय'च्या जागी 'आंतरराष्ट्रीय' आलं. 1976 पासून तिला 'इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर' म्हणतात. 2024 मध्ये त्या पहिल्या बैठकीला शंभर वर्षं झाली.

तीन बायका आणि एल्मचा रोग

परिषद सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत दुसरं संकट आलं, ते एल्म या झाडावर. तिकडच्या शहरांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एल्म लावलेले असत. आपल्याकडे जुन्या हमरस्त्यांवर वडाच्या रांगा असतात ना, तसे. वर फांद्या एकमेकींना भिडून मांडव व्हायचा.

या रोगाचा छडा लावला बायकांनी, आणि तोही युरोपात. नेदरलँड्स म्हणजे डच लोकांच्या देशात योहाना वेस्टरडाइक या वनस्पतिरोगांचा अभ्यास करायच्या. 1917 मध्ये त्या त्यांच्या देशातल्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. एल्म अचानक का वाळतात, याबद्दल लोक काहीबाही म्हणत होते. कुणी दुष्काळ म्हणे, कुणी महायुद्धातला विषारी वायू म्हणे. वेस्टरडाइकबाईंची विद्यार्थिनी बेआ श्वार्ट्स हिने 1920 नंतरच्या पहिल्या वर्षांत वाळलेल्या फांद्यांतून एक बुरशी वेगळी काढली आणि सांगितलं, की कारण हे आहे. पुष्कळ शास्त्रज्ञांनी तिचं म्हणणं मानलं नाही. मग क्रिस्टीन बाउसमन या दुसऱ्या विद्यार्थिनीने निरोगी एल्मना ती बुरशी टोचली, झाडं वाळली, त्यातून पुन्हा तीच बुरशी काढून दाखवली. आता वादाला जागा उरली नाही. पुढे 1930 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत एल्म वाळू लागले, तेव्हा हा तोच रोग आहे हे ओळखण्यातही बाउसमनचा हात होता. ती अवघ्या 36 व्या वर्षी गेली. रोगाला तोंड देणाऱ्या एल्मच्या एका वाणाला तिचं नाव दिलं आहे.

या रोगाला 'डच एल्म रोग' म्हणतात ते डच बायकांनी तो शोधला म्हणून. तो तिथे जन्मला असं मुळीच नाही. शोधणारीच्या गावाचं नाव रोगाला चिकटलं, असा हा न्याय!

रोग कळला तसा त्याचा प्रवासही कळला. एक बारीक भुंगेरा वठलेल्या लाकडाच्या सालीखाली अंडी घालतो. तिथून निघताना अंगावर बुरशी घेतो आणि चांगल्या झाडाच्या कोवळ्या फांद्या कुरतडायला जातो. म्हणजे वठलेली फांदी वेळेवर काढणं आणि सालीसकट लाकूड पडू न देणं, हाच मोठा उपाय. आता हे करणार कोण? करवत घेऊन झाडावर चढणारा माणूसच. प्रयोगशाळेतलं ज्ञान त्याच्या हातात पोचलं तरच झाड वाचणार होतं. त्या चाळीस जणांना एकत्र बसायची गरज का वाटली, ते इथे ध्यानात येतं.

एका आईचं काम

इतका वेळ झाडांचं बोललो. आता झाडावर चढणाऱ्याचं बोलू.

1968 ची गोष्ट. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका आईचा तरुण मुलगा झाडाची छाटणी करताना मेला. असे अपघात आधीही होत होते. लोक हळहळायचे, नशीब म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसरा पोरगा झाडावर चढायचा. या आईने नशीब म्हणून सोडून दिलं नाही. इमारत बांधणाऱ्याला सुरक्षेचे नियम आहेत, गिरणीत काम करणाऱ्याला आहेत, मग झाडावर चढणाऱ्याला का नाहीत, असं म्हणून ती मागे लागली.

तिच्या मागणीमुळे त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्रीय पातळीवर नियम बनवणारी समिती नेमली गेली. समितीचं कामकाज सांभाळायची जबाबदारी आपल्या या छायावृक्ष परिषदेवर आली. 1972 मध्ये नियमांचं पहिलं पुस्तक निघालं. वेळोवेळी सुधारून ते आजही वापरात आहे. डोक्याला हेल्मेट हवंच. झाडावर असताना दोराने बांधून घ्यायचंच. विजेच्या तारेजवळ काम करायचं खास शिक्षण नसेल, तर तारेपासून किमान 10 फूट लांब राहायचं, आणि तार जास्त दाबाची असेल तर आणखी लांब. माणूसच नव्हे, हातातली काठी आणि कापलेली फांदीसुद्धा त्या अंतराच्या आत जाता कामा नये. एकट्याने काम करायचं नाही, खाली जाणता माणूस हवा.

मैत्रिणींनो, हे नियम आपण आपल्या दारात लावून बघू. शेळ्यांना पाला हवा म्हणून सुबाभळीवर, बाभळीवर कोण चढतं? घरातला तरणा पोरगा, कधी आपण स्वतः. शेवग्याच्या शेंगा काढायला आकडी घेऊन तारेखाली कोण उभं राहतं? आपणच. ओल्या फांदीतून आणि लोखंडी आकडीतून वीज उतरते. फांदी तारेला टेकली असेल तर आधी वायरमनला बोलवायचं, पुरवठा बंद झाल्याची खात्री करायची, मगच हात लावायचा. कोकणात, गोव्यात नारळ काढणारा पाडेली रोज माडावर चढतो. त्याच्या कमरेला दोर आहे का, हे त्याच्या घरच्या बाईला विचारून बघा. तिचा जीव रोज टांगलेला असतो.

ज्याने चूक दाखवली

आता येऊ ताईंच्या चिंचेकडे.

अॅलेक्स शायगो नावाचा शास्त्रज्ञ अमेरिकेच्या वनखात्यात होता. 1959 पासून तो झाडांच्या कुजण्याचा अभ्यास करत होता. पूर्वी झाड आडवं कापून बघत. तोवर एका माणसाला उचलता येईल अशी मशीनची करवत आली होती. शायगोने झाडं उभी चिरली, खालपासून वरपर्यंत, आणि तीही हजारो. आत त्याला जे दिसलं त्याने सगळ्यांची समजूत बदलली.

आपलं बोट कापलं तर जखम भरते, नवीन मांस येतं. झाडाचं तसं नसतं. झाडाचं एकदा मेलेलं लाकूड पुन्हा जिवंत होत नाही. झाड काय करतं, तर जखमेभोवती भिंत घालतं. धान्याच्या कोठीला कप्पे असतात. एका कप्प्याला कीड लागली तर आपण तो बंद करतो आणि बाकीचं धान्य वाचवतो. झाडही खराब भाग असाच आत कोंडून टाकतं आणि बाहेरून नवीन लाकडाचा थर चढवतं. शायगोने हे 1977 मध्ये चित्रांसकट लिहून काढलं.

मग त्याने फांदी खोडाला मिळते ती जागा नीट बघायला सांगितली. तिथे खोडाचाच थोडा फुगवटा असतो, हातातल्या कड्यासारखा. हे कडं म्हणजे झाडाची भिंत घालायची जागा. खोडाला लागून सपाट कापलं की हे कडंच निघून जातं. भिंत घालणारा गवंडीच आपण मारतो म्हणा ना! जखम मोठी होते आणि कुज थेट खोडात शिरते. उलट लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि त्याच्यावरून साल मिटत नाही.

आणि डांबर? निरनिराळी लेपणं लावून वर्षानुवर्षं तपासलं, तरी कुज थांबलेली दिसली नाही. कधीकधी तर लेपाखाली ओल धरते आणि बुरशीचं फावतं. ताईंच्या चिंचेला हे दोन्ही एकदम भोवलं असणार. कडं कापलं गेलं आणि वरून डांबर बसलं.

विचार करा मैत्रिणींनो. पन्नास-पन्नास वर्षं माणसं हे काम अभिमानाने करत होती. सपाट, गुळगुळीत काप ही चांगल्या कारागिराची खूण मानली जाई. लेपाचे डबे विकणारे धंदे होते. आणि एक माणूस उभा राहून म्हणतो, आपण झाडांना इजा करत आलो. वाद झाले, राग झाले. पण पुरावा समोर होता, उभा चिरलेला. हळूहळू संघटनेने आपली शिकवण बदलली, पुस्तकं बदलली. 1995 मध्ये अमेरिकेत छाटणीचे राष्ट्रीय नियम छापले गेले, त्यातही कड्याच्या बाहेरून कापायचं हेच आलं. सिमेंटने ढोली भरणंही मागे पडलं.

याला एक-दोन अपवाद आहेत, तेही सांगायला हवेत. ताज्या जखमेतून किडे रोग पसरवतात अशा ठिकाणी, उदाहरणार्थ तिकडे ओकच्या झाडाला, अजूनही लगेच रंग लावतात. आपल्याकडे आंब्यासारख्या फळझाडांना छाटणीनंतर बोर्डो पेस्ट लावायला सांगतात. ते बुरशीनाशक आहे, डांबर नव्हे. त्याबद्दल आपल्या भागातल्या कृषी सहायकाचं ऐका.

फांदी कशी कापायची

जमिनीवर उभं राहून हाताला येईल अशीच फांदी आपण स्वतः कापायची. कुऱ्हाड, कोयता नको, करवत घ्या. काप तीन वेळा द्यायचा.

पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, एक तृतीयांश जाडीपर्यंत.

दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, वरच्या बाजूने. फांदी तुटून पडते आणि खालच्या कापामुळे खोडाची साल सोलत येत नाही.

तिसरा काप उरलेल्या खुंटाला, फुगीर कड्याच्या अगदी बाहेरून. कड्याला धक्का लावायचा नाही आणि खुंटही ठेवायचा नाही. वर काही फासायचं नाही.

बरोबर कापलेल्या जखमेभोवती पुढे सालीची गोल वळी तयार होते आणि सगळीकडून आत सरकत येते. ती वळी दिसली की समजायचं, काम साधलं. एकीकडूनच आली आणि एकीकडे जागा उघडी राहिली, तर कडं कुठेतरी कापलं गेलं आहे.

आणखी एक. झाड मोठं झालं म्हणून शेंडाच उडवायचा, झाड बोडकं करायचं, ही सवय सोडा. पानं गेली की झाडाचं अन्न जातं. मग घाईने फुटतात त्या फांद्या कच्च्या जोडाच्या असतात आणि पुढे वादळात त्याच कोसळतात. आणि पुरं झाड तोडायचं असेल तर आधी ग्रामपंचायतीत आणि वनखात्याकडे विचारून घ्या. काही झाडांना परवानगी लागते.

परीक्षा आणि स्पर्धा

संघटना आता काय करते, तेही थोडक्यात सांगतो. 1992 पासून ती आर्बोरिस्टची परीक्षा घेते. बसायला साधारण तीन वर्षांचा कामाचा अनुभव किंवा तेवढं शिक्षण लागतं. पास झालं म्हणजे आयुष्यभराची चिंता मिटली असं नाही. दर तीन वर्षांनी नवीन काही शिकल्याचं दाखवावं लागतं. शायगोची गोष्ट ऐकल्यावर या नियमाचं कारण कळतंच. आज बरोबर वाटतं ते उद्या चूक ठरू शकतं.

1976 पासून झाडावर चढायच्या स्पर्धाही होतात. त्यात वेगाने चढणं असतं, पण एक फेरी वेगळीच असते. झाडावर जखमी माणूस अडकला आहे असं समजून त्याच्या जागी पुतळा ठेवतात. त्याला ठरल्या वेळात सुखरूप खाली उतरवायचं. सोबत्याचा जीव वाचवता येणं हेही कौशल्य मोजलं जातं. पुढे बायकांचीही स्पर्धा सुरू झाली आणि आता देशोदेशीच्या बायका दोर बांधून झाडावर चढतात.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला वहीत एक पान झाडांसाठी ठेवा. गावातून एक फेरी मारा. शाळा, पाणवठा, देऊळ, बसथांबा अशी जिथे माणसं थांबतात तिथली झाडं बघा. वठलेली फांदी कुठे आहे, तार कुठे टेकली आहे, डांबर फासलेली जखम कुठे आहे, लिहून ठेवा. गावात झाडावर कोण चढतं, त्याच्याकडे दोर आणि हेल्मेट आहे का, तेही लिहा. नसेल तर पुढची वर्गणी दोरासाठी काढा. त्याला बैठकीला बोलवा. त्याला झाडांतलं जे कळतं ते आपण ऐकू, आणि कड्याची गोष्ट त्याला सांगू.

आणि चिंचेच्या ताई, तुमच्यासाठी. ते डांबर खरवडू नका, आतलं मऊ लाकूड कोरू नका. झाडाने आत भिंत घातली असेल तर ती फुटेल. खोडावर काठीने ठोकून बघा. आवाज पोकळ येत असेल, बुंध्याशी कुत्र्याच्या छत्र्या उगवत असतील किंवा झाड एका बाजूला कललं असेल, तर पोरांना खाली खेळू देऊ नका आणि जाणत्याला दाखवा. तसं काही नसेल तर घाबरू नका. भिंत घालायचं काम चिंच तुमच्या आधीपासून करते आहे. पुढची फांदी कापाल तेव्हा कडं मात्र राखा.